हवेसाठी रांग

कोणतीही विद्या, ती ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तू समोर नसताना, सर्वांत स्वच्छ शिकता येते. वस्तू समोर आली की ती निसटते, बिघडते, आणि शिकणाऱ्याचं लक्ष विद्येवरून उडून वस्तूकडे जातं. आमच्या सान हासिंतो गावाने हे तत्त्व फार पूर्वी ओळखलं. माझ्या सासूबाई एनेइदा गाईच्या मांसाचे अकरा प्रकार कसे रांधायचे ते घडाघडा सांगतात, आणि त्यात चूक काढण्याची संधी कित्येक वर्षांत कोणालाही मिळालेली नाही. (मांस मिळालं असतं तर मिळाली असती.)

तेव्हा नगर संगणक केंद्राने इंटरनेटचा प्राथमिक वर्ग सुरू केला त्या वेळी गावात इंटरनेट नव्हतं, यात ज्यांना काही विचित्र वाटलं ती माणसं एकतर बाहेरगावची असावीत किंवा अगदीच तरुण.

वर्ग एवेलियो मास्तर घेत. त्यांनी इंटरनेट प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. हवानाला एका शिबिरात त्यांना ते अर्धा तास दाखवण्यात आलं होतं, पैकी बराचसा वेळ पान उघडण्यात गेला. पण जे पाहिलं त्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर कायमचं उरलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक मोठा ढग काढला.

"हे इंटरनेट," ते म्हणाले.

"मास्तर, त्यातून पाऊस पडतो का हो?" सासूबाईंनी विचारलं. त्या पहिल्या बाकावर बसत, कारण मागून दिसत नाही असं त्या म्हणत. खरं तर मागून मास्तरांना त्या दिसल्या नसत्या.

"माहिती पडते, कॉम्रेड एनेइदा."

"मग बादली कुठे लावायची ते दाखवा. बाकीचं आम्ही बघू."

मास्तरांनी ढगाखाली एक चौकोन काढला आणि हा फोन असं सांगितलं. सासूबाईंनी वहीत बादली काढली. परीक्षेत दोन्ही उत्तरं बरोबर धरण्यात आली.

प्रात्यक्षिकासाठी पुठ्ठ्याचे कळफलक होते. पुठ्ठ्याच्या कळफलकाबद्दल काही लोक उगाच नाक मुरडतात. त्याच्या कळा अडकत नाहीत, त्यावर कॉफी सांडली तर वाळवता येते, आणि वीज गेली तरी तो पूर्वीइतकंच काम करतो. माउस मात्र खरा होता. एकच होता, त्याची शेपूट तुटलेली होती, आणि तो हातोहात फिरवला जाई. ज्याच्या हातात माउस असेल त्याने तो हळूच दाबायचा आणि इतरांनी फळ्याकडे बघून पान उघडलं आहे अशी कल्पना करायची. आमची पानं फार झटपट उघडत.

परीक्षेतला सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न असा होता: पान उघडलं नाही तर तुम्ही काय कराल? वर्गातल्या प्रत्येकाने, एकमेकांचं न बघता, एकच उत्तर लिहिलं: वाट पाहीन. निकाल शंभर टक्के लागला. (मी विद्यापीठात सांख्यिकी शिकले आहे. शंभर टक्क्यांकडे संशयाने पाहावं असं तिथे शिकवतात. पण ते इतर देशांतल्या आकड्यांविषयी असावं. या एका प्रश्नाची तयारी आमच्याकडे माणूस पाळण्यापासून करत असतो.) सासूबाई पहिल्या आल्या. त्यांचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांच्या फोटोशेजारी, त्याहून थोडं वर लावलं आहे.

मी मात्र ज्ञानासाठी या वर्गाला बसले नव्हते.

माझी मुलगी लियानेत दोन महिन्यांची असताना तिचा बाप, म्हणजे माझा नवरा ओस्निएल, इक्वादोरला, किटो शहरात कामाला गेला. तिथे तो उंच इमारतींना काचा बसवतो. (उंची, दोरी, वारा, काच: यांचा मी अजिबात विचार करत नाही. सकाळी एकदा करते, मग दुपारी.) लियानेत आता दीड वर्षाची झाली होती. घरात तिच्या बापाचा एकच चांगला फोटो आहे, तोही चांगला नाही. फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली तो लावला आहे. फोटो काढणाऱ्याने 'तीन' म्हणायच्या आधीच बटण दाबल्यामुळे त्यात ओस्निएलचं तोंड अर्धवट उघडं आहे आणि डावा डोळा बारीक झाला आहे. लियानेत रोज सकाळी त्या फोटोसमोर येते, पंजा टेकवते, 'पापा' म्हणते, आणि मग मी दार उघडून दूध काढते. तिच्या समजुतीप्रमाणे बाप म्हणजे एक सपाट, थंडगार, न हलणारा गृहस्थ, ज्याच्या मागे दूध असतं.

ओस्निएल येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर चिठ्ठी पाठवी. प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एकच वाक्य असे: मला ओळखते का गं? मी उत्तरात लिहायची: रोज हाक मारते. यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तरीही ती चिठ्ठी पाकिटात घालताना मला दर वेळी घाम फुटायचा. एकदा, फक्त एकदा, तिने त्याला हलताना पाहावं आणि पापा म्हणावं, एवढंच माझं इंटरनेटशी काम होतं. बाकी माहिती ढगातच राहिली असती तरी माझी हरकत नव्हती.

आणि त्या उन्हाळ्यात ढग खाली उतरला. गावच्या उद्यानात, बँड वाजवण्याच्या चौथऱ्याशेजारी, दोन खांब उभे राहिले आणि त्यांवर अँटेना बसल्या. कार्ड विकत घ्यायचं, त्यावरचा राखाडी पट्टा नखाने खरवडायचा, खालचे आकडे फोनमध्ये भरायचे, की तासभर इंटरनेट तुमचं. (कार्डाची किंमत इथे लिहीत नाही. सासूबाई वाचतील.) पहिल्याच रविवारी सगळं गाव उद्यानात लोटलं. बाकांवर, चौथऱ्याच्या पायऱ्यांवर, झाडांच्या मुळांवर माणसं बसली आणि परदेशी गेलेल्या आपापल्या माणसांशी मोठमोठ्याने बोलू लागली, म्हणजे बोलण्याची तयारी करू लागली, कारण कोणाचंच काही उघडत नव्हतं. प्रत्येक फोनवर एक छोटं चक्र फिरत होतं. गाव प्रशिक्षित असल्यामुळे कोणीही गडबड केली नाही. सगळ्यांनी वाट पाहिली. अंधार पडायला आला तेव्हा सगळे समाधानाने घरी गेले. अनेकांनी इंटरनेट फोटोत दिसतं त्याहून बरं आहे असं मत दिलं.

दुसऱ्या रविवारी क्लोतील्दे स्टूल घेऊन आली.

क्लोतील्देने आयुष्यभर रांगा सांभाळल्या आहेत. पावाची सांभाळली, अंड्यांची सांभाळली, आणि एकदा तर कशाची आहे हे शेवटपर्यंत कोणालाच न कळलेली एक रांगही तिने संध्याकाळपर्यंत शिस्तीत ठेवली होती. आमच्याकडे रांगेत कोणी उभं राहत नाही. यायचं, 'शेवटचा कोण?' विचारायचं, जो बोट वर करील त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, तो कोणाच्या मागे आहे तेही विचारून घ्यायचं, आणि सावलीत जाऊन बसायचं. रांग जमिनीवर नसते, डोक्यात असते; आणि सगळ्यांच्या डोक्यांतली मिळून जी होते ती क्लोतील्देच्या डोक्यात असते.

तिने चौथऱ्याजवळ स्टूल ठेवलं, त्यावर बसली आणि विचारलं, "शेवटचा कोण?"

"कशाचा शेवटचा, कॉम्रेड?" एवेलियो मास्तर म्हणाले. त्यांच्या फोनवर सकाळपासून चक्र फिरत होतं. "इंटरनेटला रांग नसते. ते हवेत असतं. सगळ्यांना एकाच वेळी मिळतं."

"मिळतंय का?"

"तत्त्वतः."

"मास्तर, मी तत्त्व नाही विचारलं. मिळतंय का?"

"नाही."

"मग हवेसाठी रांग लावू. पावासाठी लावली तेव्हाही पाव कुठे दिसत होता?"

ठरलं असं की चार जणांनी अँटेनेखालच्या बाकावर बसून फोन चालू करायचा आणि बाकीच्यांनी आपले फोन बंद करून खिशात ठेवायचे. मास्तर हसले. आणि पहिल्या चौघांची पानं उघडली. कामाग्वेच्या बाजूला सासर असलेल्या एका बाईला तर पलीकडून तिच्या भावाच्या घरातला पंखासुद्धा ऐकू आला. मास्तरांनी हसणं थांबवून या घटनेचा अभ्यास केला, आणि पुढच्या वर्गात फळ्यावर ढगाखाली माणसांची एक रांग काढली. त्या रांगेत सर्वांत शेवटी त्यांनी स्वतःला काढलं होतं, टोपीवरून ओळखू आले.

इथून पुढे उद्यानाचं कामकाज सुरळीत झालं. अँटेनेखालच्या बाकाला 'आत' म्हणायची पद्धत पडली, जरी तो बाहेरच होता. आत बसलेला माणूस जे बोले ते रांगेतल्या सर्वांना ऐकू जाई, त्यामुळे वेळ बरा जाई. आमच्या गावात गुपितं तशी थोडीच होती. जी होती ती महिन्याभरात वापरून संपली. दंतवैद्य फेर्मीन यांच्या मूळव्याधीवर त्यांच्या मायामीच्या भाच्याने सांगितलेला इलाज आज शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहे. लोक आपापसांत सल्लामसलत करून आतल्याला उत्तरंही सुचवत.

"नाही म्हण तिला!" रांगेतून कोणीतरी ओरडे.

"अहो पण माझी बहीण आहे."

"म्हणून तर नाही म्हण!"

आता नियम. पावाच्या रांगेचे नियमच जसेच्या तसे लागू झाले, कारण ते सर्वांना माहीत होते. गरोदर बाई थेट पुढे. काठीवाले म्हातारे थेट पुढे. कडेवर मूल असलेली बाई थेट पुढे. यातला शेवटचा नियम लागू झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. (मला असल्या गोष्टी लक्षात येतात. बाकाला खिळा वर आलेला असेल तर तोही आधी मलाच दिसतो.) गावातल्या जन्मनोंदीत काहीही वाढ नसताना उद्यानातल्या तान्ह्या मुलांची संख्या तिप्पट झाली. एकच मूल दुपारभरात पाचपाच बायकांच्या कडेवर दिसे. आणि त्या मुलांत सर्वाधिक मागणी होती लियानेतला, कारण ती रडत नाही, वजनाला हलकी आहे आणि कानातली डुलं ओढत नाही.

"युदे, दे ना गं तुझी लेक. दोनच मिनिटं. भावाला नुसतं 'जेवलास का' विचारते आणि येते."

मी युदेनिया. मला नाही म्हणता येत नाही. लियानेतला जुलाब झाले होते तेव्हा याच बायकांनी आपल्या घरची अळकुडी उकडून आणून दिली होती. म्हणून मी मूल देत असे, आणि मुलाबरोबर टोपी, पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि मी स्वतः, अशी सगळी सोबत पाठवत असे. (ऊन, डास, फोनचा उजेड डोळ्यांत, कोणाचं सर्दीचं नाक, वरून पडणारी अँटेना.)

उसनं मूल घेऊन आत बसलेल्या बाईला पलीकडच्या माणसाला काहीतरी सांगावं लागे. मग ती म्हणे, "ही शेजारची लियानेत. काकाला टाटा कर, लियानेत. कोण आहे बघ, काका!" लियानेत टाटा करी आणि 'काका' म्हणे. पलीकडचा माणूस, तो कोणीही असो, विरघळे. असं करत करत तिने हियालियाचे काका पाहिले, माद्रिदचे पाहिले, आणि लुआंडा बंदरातल्या बोटीवरचे एक काका पाहिले जे तिच्याशी बोलताना तेवढ्यात मासे साफ करत होते. आमच्या घरात इंटरनेटचा सर्वांत जास्त अनुभव आता दीड वर्षाच्या व्यक्तीला होता आणि तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

एक दिवस कॉफी गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या, "पोरी, फोनात जो दिसेल तो हिचा काका."

"हो ना. गोड म्हणते."

"माझ्या लेकाला पण काका म्हणाली तर?"

"नाही म्हणणार, आई. ती त्याला ओळखते."

"ती फ्रिजला ओळखते."

मी कॉफीत साखर घातली. मग परत घातली.

त्या दिवसापासून आम्ही घरी तयारी सुरू केली. वस्तूच्या गैरहजेरीत शिकवण्याचा आम्हा दोघींना अनुभव होताच. मी फोटो फ्रिजवरून काढला आणि लियानेतसमोर हलवला. "बघ, पापा चालतात! पापा उड्या मारतात!" सासूबाई मागे उभ्या राहून आवाज घोगरा करून म्हणाल्या, "काय गं चिमणे, दूध प्यालीस का?" लियानेत खदाखदा हसली. तिने हलत्या फोटोला टाटा केलं आणि म्हणाली, "काका." फोटो परत आंब्याखाली लावला. तिने पंजा टेकवला. "पापा."

"झालं," सासूबाई म्हणाल्या आणि अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. ते कपडे आधीच वाळलेले होते.

ओस्निएलचा निरोप आला: येत्या रविवारी दुपारी चारला तो किटोतल्या फोनच्या दुकानात बसेल. मी कार्ड आणलं. ते खरवडण्याचा मान वर्गात पहिल्या आलेल्या व्यक्तीचा, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. त्यांनी भांडी घासायची तारेची घासणी घेतली. पट्टा लख्ख निघाला. शेवटचा आकडाही निघाला. तो तीन होता की आठ, यावर घरात बराच वेळ मतभेद होते. (आठ होता. मी आधीपासून म्हणत होते.)

रविवारी लियानेतला मी पिवळा फ्रॉक घातला, आणि आम्ही तिघी उद्यानात लवकर पोचलो, इतक्या लवकर, की चार वाजेपर्यंत तिला चार जणी मागून घेऊन गेल्या. चार वाजत आले तसं मी तिला परत घेतलं, तोंड पुसलं, कडेवर बसवलं आणि आत निघाले. क्लोतील्देने स्टुलावरूनच हात आडवा केला.

"हे मूल आज चारदा आत जाऊन आलंय. आता नाही."

"क्लोतील्दे, ती माझी मुलगी आहे."

"माहीत आहे. तुझी आहे म्हणूनच जास्त कडक राहायला हवं. नाहीतर उद्या लोक म्हणतील, इथे ओळखीवर काम चालतं."

"तिचा बाप तिकडे वाट बघतोय गं! तिच्याशीच बोलायचंय त्याला!"

"मग रांगेत ये. तुझ्या पुढे फेर्मीन, त्याच्या पुढे पोस्टातली बाई, तिच्या पुढे ते जुळे भाऊ. नाहीतर," आणि इथे तिचा आवाज जरा मऊ झाला, "दुसरं मूल आण की. कोण नाही म्हणणार आहे तुला?"

नियमातला न्याय असा असतो की तो पटल्याशिवाय राहत नाही. मी लियानेतला सासूबाईंकडे दिलं आणि शेजारच्या मारिसोलकडून तिचा यांदिएल उसना घेतला. यांदिएल नऊ महिन्यांचा आहे, त्याला डोक्यावर केस नाहीत आणि हनुवट्या दोन आहेत. त्याला कडेवर मारून मी आत बसले, आकडे भरले, शेवटी आठ घातला. चक्र फिरलं. आणि ओस्निएल दिसला. बारीक झाला होता. कपाळावर काहीतरी लागल्याची खूण होती. (ती कशाची, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. रात्री विचारते, मनात.)

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो यांदिएलकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"अगं... केवढी झाली ही!" तो म्हणाला. "केवढी... रुंद झाली! युदे, केस कुठे गेले हिचे? उन्हाळ्यामुळे काढलेस का? बरं केलंस. आईवर गेलीय गं. अगदी हुबेहूब माझ्या आईवर!"

आतल्या माणसाचं बोलणं रांगेत सर्वांना ऐकू जातं, हे मी वर लिहिलंच आहे.

"माझ्यावर?" बदामाच्या झाडाखालून सासूबाईंचा आवाज आला. "तो ढोल्या? माझ्यावर?" आणि त्या लियानेतला घेऊन सरळ आत घुसल्या. "अरे गाढवा, तो मारिसोलचा यांदिएल आहे! मुलगा आहे तो! तुझी लेक ही!"

"कॉम्रेड एनेइदा," क्लोतील्दे उभी राहिली, आणि ती उभी राहिलेली त्याआधी कोणी पाहिली नव्हती, "तुमचा नंबर नाही!"

"माझा नंबर मी ह्याला जन्म दिला तेव्हाच लागला. बस खाली!"

क्लोतील्दे बसली. यांदिएल हातोहात मागे गेला. सासूबाईंनी लियानेतला माझ्या मांडीवर ठेवलं आणि फ्रॉक सारखा केला. फेर्मीननी आपला फोन आधीच बंद ठेवला होता. आता त्यांनी तो टोपीखाली झाकला.

"लियानेत," ओस्निएल म्हणाला. त्याने हात हलवला. त्याने गाल फुगवले, भुवया उडवल्या, दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या नाचला. "बघ, बघ मी कोण! कोण आहे मी?"

लियानेतने त्याच्याकडे बघितलं. आजच्या दिवसातली ही पाचवी भेट होती, आणि अनुभवी माणसाच्या सराईत सभ्यतेने तिने हात वर करून टाटा केलं.

"काका," ती म्हणाली.

रांगेतून कोणीही काहीही सुचवलं नाही.

"बरोबर आहे," ओस्निएल म्हणाला. हसत होता. हसू खाली ठेवायला त्याला जागा सापडत नव्हती. "तिचं बरोबरच आहे. ओळखणार कशी? तू लिहितेस हाक मारते म्हणून, ते मला बरं वाटावं म्हणूनच ना? चालेल गं. काका तर काका. मी..."

इतकं बोलला आणि चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, डावा डोळा बारीक. वर चक्र फिरू लागलं.

"वाट पाहा!" मागच्या बाकावरून एवेलियो मास्तर ओरडले. परीक्षेचंच उत्तर ते.

लियानेत पुढे झुकली. तिने थिजलेल्या चेहऱ्यावर पंजा टेकवला. मग माझ्या हातातला फोन बाजूला ढकलून त्याच्या मागे काय आहे ते बघितलं. मागे दूध नव्हतं. तिने परत समोर येऊन, जरा तक्रारीच्या सुरात, सगळ्या उद्यानाला ऐकू जाईल असं विचारलं:

"पापा? दुदू?"

चित्र थिजलेलंच होतं, आवाज मात्र चालू होता.

"कोण म्हणालं?" किटोहून आवाज आला. "युदे? मला म्हणाली? मला म्हणाली का ती?"

आधी हो म्हणायचं की थांब म्हणायचं, ते मी ठरवू लागले. सासूबाईंना तो त्रास कधीच नव्हता.

"हलू नकोस!" त्या फोनवर ओरडल्या.

"काय?"

"हलू नकोस म्हणते ना, मेल्या! आहेस तसा राहा! तोंड उघडं ठेव! डोळा बारीक कर, डावा! फ्रिजवरचा फोटो आठव!"

चक्र फिरलं, फिरलं, आणि चित्र परत सुरू झालं. ओस्निएल किटोच्या दुकानात पुतळ्यासारखा बसला होता, तोंड अर्धवट उघडं, डावा डोळा बारीक. हलत होतं ते फक्त त्याच्या गालांवरून उतरणारं पाणी. लियानेतने ते बोटाने काचेवरून पुसायचा प्रयत्न केला.

"पापा," ती म्हणाली. कार्ड संपेपर्यंत म्हणत राहिली.

यानंतर ही पद्धत रूढ झाली. प्रत्येक रविवारी पहिलं मिनिटभर ओस्निएल अजिबात हलत नाही. ओळख पटली की हळूच पापणी मिटतो. पुढच्या महिन्यात त्याने ओठही हलवले. परवा त्याने एक हात खांद्यापर्यंत उचलला आणि लियानेत तरीही पापाच म्हणाली. रांगेत टाळ्या पडल्या. प्रगती समाधानकारक आहे. मास्तरांनी 'स्थिर राहून ओळख पटवणे' हा धडा अभ्यासक्रमात घेतला असून त्याचं प्रात्यक्षिक पुठ्ठ्यावरही करता येतं. क्लोतील्देने आता नियमात दुरुस्ती केली आहे: मूल स्वतःच्या बापाशी बोलणार असेल तर त्याच्या आधीच्या फेऱ्या धरल्या जात नाहीत, मात्र बाप खरा असल्याबद्दल तिची खात्री पटवावी लागते.

आमच्यासारखं मागासलेपण ज्यांच्या वाट्याला आलं नाही, ज्यांच्या घरातच ढग उतरला आहे, कार्ड नाही, रांग नाही, चक्र फिरत नाही, अशा वाचकांनाही ही चाचणी करून बघता येईल. खर्च नाही. घरातलं मूल समोर बसवावं. हातात जे असेल ते खाली ठेवावं (ही गोष्टसुद्धा). मान वर करावी, मुलाकडे बघावं आणि एक मिनिट हलू नये. मुलाने बरोबर नावाने हाक मारली, तर तुमचं नेटवर्क उत्तम आहे. त्याने आधी तुमच्या हातात एवढा वेळ काय होतं ते शोधलं, मग तुमच्याकडे बघितलं, आणि सभ्यपणे टाटा केलं, तरी घाबरण्याचं कारण नाही. आमच्या उद्यानात या. बाक आहेत, सावली आहे, क्लोतील्दे स्टुलावर असते. आल्या आल्या एवढंच विचारा, शेवटचा कोण. आणि जो बोट वर करील त्याचा चेहरा नीट बघून ठेवा, कारण तुमच्या आधी बरेच जण येऊन बसलेले असतील.